ओन्ताची लेपाची भांडी: रोजच्या जेवणाला कितपत पुरतात?

जपानच्या क्यूशू बेटावर, ओइता प्रांतातल्या हिता शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीत सारायामा नावाची एक लहान वस्ती आहे आणि तिथे घडणाऱ्या भांड्यांना ओन्ता-याकी म्हणतात. गडद मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप, तो ओला किंवा अर्धवट सुकलेला असताना चाकावर उमटवलेल्या खुणा आणि सगळ्यावर पारदर्शक, हिरवी किंवा तपकिरी झिलई, एवढ्यावरून ही भांडी लांबूनही ओळखू येतात. या भांड्यांच्या सौंदर्याविषयी जपानमध्ये गेल्या शंभरएक वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ज्या घरात रोज फोडणी होते आणि बहुतेक पदार्थांत हळद असते, त्या घरात ती कशी टिकतात, याबद्दल काही वाचल्याचे मला आठवत नाही. आम्ही तोक्योत राहतो, घरी बहुतेक वेळा मराठी जेवण असते आणि ओन्ताच्या ताटल्या नि वाडगे आमच्या रोजच्या वापरात आहेत. पुढचे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. ओन्ताची ताटली घ्यावी, रोज वापरावी, मात्र ती निवडताना नक्षीपेक्षा लेपाकडे जास्त लक्ष द्यावे. या भांड्याचे सगळे गुण आणि जवळजवळ सगळे दोष त्या पांढऱ्या थरातून येतात, आणि जो तो थर समजून घेईल त्याला कोणते भांडे कोणत्या पदार्थाला योग्य हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.

मुळात हा लेप हौसेखातर आलेला नाही. सारायामाच्या डोंगरातली माती लोहयुक्त आहे आणि भाजल्यावर ती गडद तपकिरी, कधी काळपट होते. पांढरी माती तुलनेने दुर्मीळ, त्यामुळे भांडे स्थानिक मातीचे घडवायचे आणि वर पांढऱ्या मातीचे पाणी चढवून ते उजळ करायचे, हा त्यावरचा काटकसरीचा उपाय झाला. कोरियात पंधराव्या-सोळाव्या शतकांत राखाडी मातीच्या भांड्यांवर असा लेप सर्रास देत. पुढे जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा तिथले अनेक कुंभार क्यूशूत आणले गेले आणि या बेटावरच्या भांड्यांना नवे वळण लागले. सारायामाच्या डोंगरापलीकडे, आजच्या फुकुओका प्रांतात, कोइशिवारा हे कुंभारांचे जुने गाव आहे. तिथल्या यानासे घराण्यातल्या एका कुंभाराला १७०५ मध्ये इकडे बोलावले गेले. कुरोकी घराण्याने पैसा घातला आणि साकामोतो घराण्याने जमीन दिली, असे सांगतात. आजही गावातल्या बहुतेक भट्ट्या याच तीन आडनावांच्या घरांकडे आहेत आणि अशी घरे सगळी मिळून दहाच्या आतबाहेर आहेत.

माती कुटण्याचे काम तिथे अजून ओढा करतो. एका जाड ओंडक्याचे एक टोक कोरून पन्हळ केलेली असते. ती पाण्याने भरली की त्या बाजूला झुकते, पाणी सांडते आणि दुसऱ्या टोकाचे मुसळ डोंगरातून आणलेल्या मातीवर आपटते. या यंत्राला काराउसु म्हणतात. ते रात्रंदिवस चालते, तरी माती पुरेशी बारीक व्हायला काही आठवडे लागतात. त्यानंतर ती पाण्यात कालवून गाळायची, निवळू द्यायची, सुकवायची आणि मग पायाने फिरवायच्या चाकावर घ्यायची. विजेचे चाक इथे वापरत नाहीत. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: ओढ्याला जितके पाणी तितकी माती आणि जितकी माती तितकी भांडी, त्यामुळे मागणी कितीही वाढली तरी उत्पादन वाढत नाही. जुलै २०१७ च्या अतिवृष्टीत उत्तर क्यूशूत मोठी हानी झाली, तेव्हा या काराउसुंनाही तडाखा बसला होता आणि गावाला ते पुन्हा उभे करावे लागले.

आता लेपाकडे वळू, कारण ताटली हातात घेतल्यावर पहिली नजर तिथेच जाते. सर्वांत प्रसिद्ध नक्षी म्हणजे तोबिकान्ना. भांड्यावर लेप चढवून त्यातली ओल बरीच ओसरली की ते पुन्हा चाकावर ठेवतात आणि पोलादाच्या लवचीक, वाकवलेल्या पात्याचे टोक फिरत्या पृष्ठभागाला अलगद टेकवतात. जुन्या घड्याळांची स्प्रिंग या कामाला पूर्वीपासून वापरात आहे. पाते स्वतःच्या लवचीकपणामुळे थरथरते, उडते, पुन्हा टेकते, आणि प्रत्येक टेकण्यासरशी पांढऱ्या लेपाचा एक बारीक टवका काढून खालची गडद माती उघडी करते. मध्यापासून काठापर्यंत तांदळाच्या कण्यांएवढ्या खुणांच्या रांगा काही क्षणांत उमटतात. चीनमधल्या सोंग काळातल्या (दहावे ते तेरावे शतक) त्झ-चौ नावाच्या भांड्यांवरही असेच टवके आढळतात. या कामात कुंभाराचा हात जितका, तितकाच ओलाव्याचा अंदाज महत्त्वाचा आहे. लेप जास्त ओला असेल तर पाते उडण्याऐवजी रुतत जाते आणि जास्त सुकला असेल तर टवक्यांच्या कडा भुरभुरतात. म्हणूनच दोन ताटल्या शेजारी ठेवल्या, तर एकीवरच्या खुणा दाट आणि तीक्ष्ण, दुसरीवरच्या विरळ आणि पुसट दिसतात. मला तीक्ष्ण खुणांची ताटली जास्त आवडते, पण हा केवळ आवडीचा प्रश्न आहे. वापरात दोन्ही सारख्याच.

दुसरी नक्षी उचिहाकेमे. इथे लेप ओला असतानाच फिरत्या भांड्यावर रुंद कुंचला आपटत जातात, त्यामुळे लेप कुठे जाड कुठे विरळ होऊन मध्यातून काठाकडे पसरणारे पट्टे तयार होतात. माझ्या मते ओन्ताचे खरे सामर्थ्य इथे दिसते, कारण तोबिकान्नाची नक्कल यंत्राने बरी जमते, उचिहाकेमेतला हाताचा वेग मात्र नक्कल करणाऱ्याला साधत नाही. याशिवाय बोटांनी लेप ओढून लाटा काढणे, फणीने रेघा ओढणे, झिलई पळीने शिंपडणे किंवा काठावरून ओघळू देणे, हे प्रकार आहेत. मोठ्या बरण्यांवर आणि रांजणांवर ते फार देखणे दिसतात, ताटलीवर मला ते जरा गर्दीचे वाटतात.

वापरातला पहिला अनुभव स्पर्शाचा असतो. तोबिकान्नाच्या खुणा झिलईखाली असल्या तरी बोटांना हलकेच जाणवतात, आणि आपण हाताने जेवत असल्यामुळे हा फरक चॉपस्टिकने जेवणाऱ्यापेक्षा आपल्याला अधिक कळतो. वरणभात कालवताना भाताची शिते गुळगुळीत चिनीमातीवर सरकतात तशी इथे सरकत नाहीत. भाकरी, थालीपीठ, धिरडी यांना तर ही ताटली विशेष शोभते. पदार्थाचा खरपूस रंग आणि लेपाचा दुधाळ पांढरा एकमेकांना उठाव देतात. हा पांढरा रंग कारखान्यातल्या पोर्सेलिनसारखा थंड आणि एकसारखा नसतो, त्याच्या आतून गडद माती किंचित डोकावते, आणि म्हणून साधी काकडीची कोशिंबीर किंवा मेतकूट-भातही त्यावर फिका पडत नाही. जपानी घरात याच ताटलीत मिठाचा भाजलेला मासा किंवा शिजवलेल्या भाज्या वाढल्या जातात आणि तिथेही ती तितकीच सहज वावरते.

आता हळद. मातीच्या या भांड्यांची घडण पोर्सेलिनइतकी घट्ट नसते, आणि लेप, माती व झिलई थंड होताना सारख्या प्रमाणात आकसत नसल्यामुळे झिलईत केसाएवढ्या बारीक भेगा पडू शकतात. तेल आणि रंग या भेगांतून आत उतरतात. आमटी, पिठले, रश्शाची उसळ असे पदार्थ वाढून झाल्यावर लगेच धुतले तर फारसे काही होत नाही, पण खरकटे रात्रभर तसेच राहिले तर पिवळी झाक उरते. यावर जपानी घरांतला रिवाज अतिशय कामाचा आहे. नवे भांडे तांदूळ धुतलेल्या पाण्यात मंद आचेवर उकळून त्याच पाण्यात निवू देतात, म्हणजे स्टार्च बारीक छिद्रांत बसतो. आणि रोजच्या वापरात वाढण्यापूर्वी भांडे थोडा वेळ साध्या पाण्यात बुडवून पुसून घेतात, म्हणजे छिद्रांत आधीच पाणी शिरलेले असते आणि तेलाला वाव राहत नाही. हा दुसरा उपाय कंटाळवाणा वाटतो, पण त्याने सर्वाधिक फरक पडतो. एवढे करूनही डाग पडलाच तर ताटली धुऊन उन्हात ठेवावी. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे सुती कपड्यांच्या बाबतीत आपल्याकडे ठाऊक असतेच, इथेही तोच नियम लागू पडतो. तेलाचा डाग मात्र उन्हाला दाद देत नाही.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट जरूर पाहावी. भट्टीत जागा वाचवण्यासाठी ताटल्या एकावर एक रचून भाजण्याची जुनी पद्धत आहे. त्यासाठी काही ताटल्यांच्या आतल्या बाजूला कड्यासारखा गोल पट्टा झिलई काढून कोरा ठेवतात, म्हणजे वरच्या ताटलीचे बूड खालच्या झिलईला चिकटत नाही. दिसायला हे कडे छान असते, पण तिथे झिलईचे संरक्षण नसल्यामुळे आमटी-रश्शासाठी अशी ताटली घेऊ नये. चपाती, सुकी भाजी, फळे, फराळाचे पदार्थ यांसाठी ती उत्तम आहे. हिरव्या आणि तपकिरी झिलईची भांडी डाग लपवतात, म्हणून ज्यांना वर सांगितलेली उस्तवार नको असेल त्यांनी आमटीचे वाडगे तरी त्या रंगांत घ्यावेत. सोलकढी, लोणचे, चिंचेचा कोळ असे आंबट पदार्थ कोणत्याही रंगाच्या भांड्यात साठवून ठेवू नयेत, वाढण्यापुरतेच वापरावेत.

वजनाबद्दल तक्रार करणारे भेटतात आणि ती तक्रार अगदीच खोटी नाही. सात सुन मापाची, म्हणजे साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची ताटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते. एक सुन म्हणजे तीन सेंटिमीटरच्या किंचित वर, आणि दुकानांत ताटल्या याच मापाने पाच, सहा, सात, आठ अशा मांडलेल्या असतात. आपल्या संपूर्ण जेवणाला आठ सुनांची ताटली लागते. सात सुनांच्या ताटलीत भाजी-पोळी आणि बाजूला चटणी बसते, पण वाटी ठेवायला जागा उरत नाही. चार आठ-सुनी ताटल्या एकावर एक रचून फडताळातून काढणे हे वयस्कर माणसाला जड जाते, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. बुडाची कडी झिलईविना असते आणि कधी कधी खरखरीत राहते. लाकडी मेज असेल तर ती बारीक पॉलिश कागदाने घासून घ्यावी. स्टीलचे चमचे लेपावर करड्या रेघा उठवतात, तारेचा काथ्या तर नकोच. मायक्रोवेव्हमध्ये थोडे गरम करण्याइतपत ही भांडी चालतात असे काही विक्रेते सांगतात, मी मात्र ती त्यापासून आणि डिशवॉशरपासूनही दूर ठेवतो. धुतल्यावर पूर्ण सुकू न देता बंद फडताळात ठेवली तर जपानच्या पावसाळ्यात बुडाला बुरशी धरते.

ज्यांना या लेपाची दुसरी टोकाची बाजू पाहायची असेल त्यांनी कोहिकी भांडी पाहावीत. त्यांत लेप नक्षीविना, भांड्याच्या अंगभर, बऱ्याचदा बुडासकट असतो आणि झिलई पातळ असते. चहाच्या जपानी रसिकांना कोहिकी वाडग्यावर वापराने उमटणारे डाग प्रिय असतात. पावसाच्या गळतीने भिंतीवर पडलेल्या ओलीचे नाव त्यांनी त्या डागांना दिले आहे आणि असे जुने कोरियन वाडगे संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. हिरव्या चहाचा डाग मलाही सुंदर वाटतो. कालच्या रश्शाचा वाटत नाही. मराठी स्वयंपाकघरासाठी शुद्ध कोहिकी ताटली घेण्याचा सल्ला मी देणार नाही. चहा, दूधभात, श्रीखंड यांच्यासाठी एखादा वाडगा जरूर घ्यावा.

किमतीच्या बाबतीत ओन्ता सुखद धक्का देते. हाताने कुटलेली नव्हे, तरी पाण्याने कुटलेली माती, पायाचे चाक, पक्क्या भाजणीपूर्वी वेगळी कच्ची भाजणी न करता थेट दिलेली झिलई, चढणीवर बांधलेल्या भट्टीत सुरूसारख्या सुगी झाडाच्या लाकडावर दोन दिवसांहून अधिक चालणारी भाजणी, इतके सगळे असूनही रोजच्या वापराची ताटली काही हजार येनांत मिळते. यामागे गावाने पाळलेला एक नियम आहे: भांड्यावर कुंभाराचे नाव नसते, असलाच तर ओन्ता या नावाचा शिक्का. माती सामाईक खणली जाते आणि काही घरांची भट्टीही सामाईक आहे. लोककलेच्या मिंगेई चळवळीचे प्रवर्तक यानागी मुनेयोशी १९३१ मध्ये इथे आले आणि त्यांच्या लेखनामुळे गावाचे नाव देशभर झाले. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच १९५४ मध्ये इथे काही आठवडे राहून काम करून गेले. १९९५ मध्ये जपान सरकारने ओन्ताच्या तंत्राला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. एवढी प्रसिद्धी मिळाल्यावर स्वाक्षरी करून दहापट दाम मागणे सहज शक्य होते, ते गावाने केले नाही, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. त्याच वेळी, घरटी एकाच मुलाने वारसा चालवायचा, चाकावर पुरुषांनी बसायचे आणि माती गाळण्या-सुकवण्याचे कष्टाचे काम घरातल्या बायकांनी करायचे, हीही त्याच परंपरेची रीत आहे, आणि या भांड्यांचे गोडवे गाणाऱ्या लेखनात तिच्याविषयी फारसे कोणी थांबून बोलत नाही.

खरेदी शक्य असेल तर प्रत्यक्ष पाहूनच करावी. तोक्योत गिन्झा भागातले ताकुमि हे १९३३ पासूनचे मिंगेई दुकान ओन्ताची भांडी ठेवते. ताटल्या हातात घेऊन पाहता येतात आणि माप-वापर याबद्दल विचारले तर नीट उत्तर मिळते. सारायामाला जायचे असेल तर फुकुओका शहरातल्या हाकातावरून हितापर्यंत रेल्वे किंवा बस सोयीची आहे, हिता स्थानकावरून गावात जाणाऱ्या बस मात्र दिवसातून मोजक्याच आहेत, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. गावात वेगळा बाजार नाही. प्रत्येक कुंभाराच्या घरासमोर फळ्यांवर भांडी मांडलेली असतात, आणि घरोघरी लेपाची जाडी, हिरव्या रंगाची छटा, काठाचा कल यांत थोडा थोडा फरक असल्यामुळे सगळीकडे एक फेरी मारल्याशिवाय काही घेऊ नये. ऑक्टोबरमध्ये गावाची जत्रा भरते, तेव्हा निवड मोठी असते आणि गर्दीही.

ऑनलाइन घेताना सावध राहावे, कारण तोबिकान्नाची नक्षी असलेल्या कारखान्यातल्या ताटल्या आता भरपूर मिळतात. त्या वाईट नसतात, हलक्या असतात, डिशवॉशरमध्येही चालतात. पण सहा ताटल्यांवरच्या खुणा तंतोतंत सारख्या दिसल्या तर त्या ओन्ताच्या नव्हेत. कोइशिवाराची भांडी हा मात्र पूर्णपणे सन्मान्य पर्याय आहे. तंत्र तेच, भट्ट्या कितीतरी जास्त, कुंभार स्वतःच्या नावाने काम करतात, आकार आधुनिक स्वयंपाकघराला अधिक सोयीचे असतात आणि हलकी ताटली हवी असलेल्याला तिथे ती मिळण्याची शक्यता अधिक. मला स्वतःला ओन्ताचा जाड काठ आवडतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी उचिहाकेमेची एक आठ-सुनी ताटली, आतले कोरे कडे नसलेली, आणि आमटीसाठी हिरव्या झिलईचे दोन लहान वाडगे घ्यायला सांगेन. संपूर्ण संच एकदम घेण्याची गरज नाही. आकार आणि नक्ष्या इथे वर्षानुवर्षे त्याच राहतात, त्यामुळे एखादी ताटली फुटली किंवा घरातली माणसे वाढली, तर काही वर्षांनीही तिच्या जोडीला शोभेल अशी दुसरी मिळते.